वामन मास्तर आणि हाकदरा

तू कोणामुळे शिकलास, असं कोणी विचारलं की मी वामन मास्तरांचं नाव सांगतो. माय-बाप त्याने कधी रागावले नाहीत. माय तर उलट बजावायची, "मास्तरचं नाव पयले घेत जाय बरं." आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीपलीकडे कोणी गेलं नव्हतं. शिकणं कुठपर्यंत असतं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते मास्तरांना ठाऊक होतं, आणि मी तिथपर्यंत जायचं हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

महागावकडच्या आमच्या शाळेत ते इतिहास आणि भूगोल शिकवत. उंच, काटकुळा माणूस. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात बाभळीची काठी आणि डोकं बोडकं. त्या काळी मास्तराने टोपीशिवाय बाजारातून जाणं म्हणजे नवलच होतं. माणसं हसत. मास्तरांना त्याचा पत्ता नसे, कारण ते सतत दुसरंच काहीतरी पाहत असत. चालता चालता मधेच थांबत आणि मग थांबूनच राहत. एकदा भर रस्त्यात ते असे उभे असताना मागून सरकीची बैलगाडी आली.

"मास्तर, बाजू व्हा!" गाडीवान ओरडला.

"तूच वळसा घे. मी पाहून राह्यलो."

"काय पाहून राह्यले?"

"मुंग्या अंडी नेऊन राह्यल्या."

गाडीवानाने कपाळाला हात लावला आणि गाडी नालीतून काढली. मास्तर मुळात शुद्ध बोलत, पण गाडीवानाशी, गवळणीशी बोलताना त्यांची भाषा आपोआप वऱ्हाडी व्हायची. त्यात सोंग नव्हतं.

त्यांचं घर यवतमाळचं. वडील कचेरीत, थोरले भाऊ कोर्टात, धाकटे तहसिलीत. सगळे पिढ्यान्‌पिढ्या टेबलाशी बसणारे. "आमच्याकडे बसणारे पुष्कळ झाले," मास्तर म्हणत, "कोणीतरी चालायला नको का?" म्हणून ते चालत. शाळेच्या गावात एका खोलीत एकटे राहत, रोज खिचडी शिजवत, आणि रविवारी नाल्याच्या काठाने निघून जात ते दिवस मावळल्यावर परत येत.

स्वतः पायाने न पाहिलेला मुलूख ते वर्गात शिकवत नसत. पैनगंगा आम्हाला त्यांनी महिनाभर शिकवली. ती कुठे वळते, कोणत्या डोहात पाणी आटत नाही, कोणत्या गावची माणसं तिला माय म्हणतात आणि कोणत्या गावची नुसतीच नदी म्हणतात, हे सगळं. हिमालय आला तेव्हा म्हणाले, "हे मी पाहिलेलं नाही. पुस्तकात आहे, तुमचं तुम्ही वाचा." त्याच आठवड्यात इन्स्पेक्टर आले. हिमालयावर प्रश्न विचारला तर वर्ग गप्प. साहेबांनी मास्तरांकडे रागाने पाहिलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, मला तिकडे जायला रजा मंजूर करा. आल्याबरोबर शिकवतो." ती रजा मंजूर झाली नाही. आम्ही हिमालय पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. पण आजही नदी म्हटलं की मला पैनगंगाच दिसते.

निबंधात कोणी 'रमणीय' लिहिलं की ते त्या शब्दाभोवती गोल काढत. "रमणीय म्हणजे काय रे? तिथं काय होतं ते लिही. झाड होतं? कोणतं? त्याच्याखाली कोण बसलं होतं?" मला निबंध लिहिता येतो असं मला वाटायचं. त्या गोलांनी तो गैरसमज गेला आणि त्याच गोलांनी मी थोडाफार लिहायला शिकलो.

पण मास्तरांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा आडनावांचा होता. हजेरी घेताना ते कोणाचंच आडनाव घेत नसत. सुखदेव, रामराव, उत्तम, परसराम, बस. एका वर्गात दोन उत्तम होते, तर एकाला 'खिडकीतला उत्तम' म्हणत. स्वतःचंही आडनाव ते सांगत नसत. गावाला ते माहीत होतं, पण मास्तरांसमोर कोणी उच्चारत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, "वर्गात येताना आडनाव दाराबाहेर ठेवायचं. चपलेजवळ."

मागून परसराम उठला. "मास्तर, मले चप्पलच नाही. मी आडनाव कुठं ठेवू?"

वर्ग खो-खो हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला. "मग खिशात ठेव. पण खिसा आवळून धर."

"खिसाबी फाटला हाय, मास्तर."

"मग पडू दे वाटेत," मास्तर म्हणाले. "शोधू नको."

मला ते फार आवडलं होतं. मी तेव्हा वर्गातल्या शेवटच्या ओळीत बसत असे. कोणी बसवलं नव्हतं. पण आधीच्या शाळेत बसवलं होतं, म्हणून मी आपणच जाऊन बसलो होतो. मास्तरांनी आडनावं काढून टाकली आणि महिन्याभरात मी तिसऱ्या ओळीत आलो. हेही कोणी सांगितलं नव्हतं. त्या माणसाच्या वर्गात बसायची जागा ज्याची त्याला सापडत असे.

मग मॅट्रिकचं वर्ष आलं. त्याआधीच्या वर्षी माझा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. जाताना गावातल्या बाकीच्यांबरोबर ट्रकमध्ये उभा राहून गेला आणि आल्यावर दोन दिवस कोणाशी फार बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आला. त्यानंतर तो वेगळा चालू लागला. म्हणजे तोच माणूस, तेच कापूस वेचण्याचं आणि कुंपणाचं काम, पण पाटलाच्या घरासमोरून जाताना त्याची मान खाली जात नसे. कोणी 'काय रे' म्हटलं तर तो थांबून म्हणे, "कवडू मुनेश्वर नाव हाय माहं."

मॅट्रिकचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मास्तर आमच्या घरी आले. बोरवाडीला, चार मैल चालत. खाटेवर बसले, मायने दिलेला चहा प्याले आणि बापाला म्हणाले, "कवडू, एक गोष्ट सांगायला आलो. फॉर्मवर जे नाव जाईल तेच जन्मभर राहतं. सुखदेवचं आडनाव आपण बोरवाडकर लिहू. गावावरून. पुष्कळ लोक लिहितात."

"काहून, मास्तर?"

"उद्या तो अमरावतीला जाईल. खोली मागेल, नोकरी मागेल. समोरचा माणूस आधी कागदावरचं आडनाव पाहतो आणि मग पोराकडे पाहतो, किंवा पाहतच नाही. मी त्या लोकांना ओळखतो कवडू, मी त्यांच्यातलाच आहे."

बाप खाटेजवळ येऊन उकिडवा बसला. मग म्हणाला, "मास्तर, आजवर नाव सांगाची लाज होती. आता कुठं तोंड वर करून सांगून राह्यलो, आन् तुमी म्हनता झाका?"

"झाका नाही म्हणत. बाजूला ठेवा म्हणतो."

"पोरगं तुमचं हाय, मास्तर. तुमी शिकवलं. पन नाव माहं हाय." आणि लगेच म्हणाला, "त्याले इचारा. लिहाचं त्याले हाय."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. खरं तर ते नवं आडनाव मला ऐकायला बरं वाटलं होतं. त्यात अमरावतीची एक खोली होती, खिडकी होती, दार उघडून 'या' म्हणणारा मालक होता. आणि समोर माझा बाप बसला होता.

"नाताळच्या सुटीत माझ्याबरोबर हाकदऱ्यात चल," मास्तर उठता उठता म्हणाले. "चालताना विचार नीट होतो. सुटी संपली की फॉर्म पाठवायचा आहे."

हाकदरा म्हणजे डोंगरातून पैनगंगेकडे उतरणारी एक खोल घळ. सकाळी वरून शिरायचं आणि संध्याकाळपर्यंत खाली नदीवर निघायचं. मास्तर दरवर्षी त्यातून जात आणि नेहमी एकच सोबती नेत. "दोघं असले की बोलणं होतं," ते म्हणत, "तिघं झाले की सभा." त्या वर्षीचा सोबती मी होतो, आणि निघतानाच त्यांनी सांगून टाकलं की आज मी विद्यार्थी नाही. "मास्तर म्हण हवं तर, दुसरं काही म्हणायला जीभ वळणार नाही तुझी. पण पाया पडू नको आणि माझी पिशवी घेऊ नको."

घळीच्या तोंडाशी एक म्हातारी मोळी बांधत होती. आम्हाला पाहून तिने हात थांबवले.

"दऱ्यात चालले का बाप्पा?"

"हो, मावशी."

"मंग हाक माराची वेळ आली तं नाव सांगून मारजा. आपलं नाव, बापाचं, गावाचं. सगळं. बिननावाच्या हाकेले इकडं कोनी ओ देत नाही."

"का बरं?" मास्तर लगेच खाली बसले. असं काही ऐकलं की ते बसतच.

"मेलेलं मानूस हाक मारते तं त्याले नाव आठवत नाही. जित्याले आठवते." आणि मोळी डोक्यावर घेऊन ती निघून गेली. हाकदऱ्याचं नाव कशावरून पडलं हे मला तेव्हा कळलं. मास्तर खूश झाले. इतकी वर्षं येऊनही त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांना आवडणार नाही म्हणून मी त्या घळीला रमणीय म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती होत्या, कोणी भाकरी एकावर एक रचाव्यात तशा थरांच्या. मधून पाणी, कुठे घोट्याएवढं तर कुठे हिरवागार डोह. भिंतीच्या भेगांतून पांढऱ्या खोडाची झाडं आडवी निघालेली, त्यांची पानं झडून गेलेली. एका कपारीखाली आग्या मोहोळाची पाच-सहा पोळी काळ्या घोंगड्यांसारखी लोंबत होती. तिथून मास्तरांनी मला ओठांवर बोट ठेवून, पाय न वाजवता नेलं. ऊन वरच्या कड्यावर होतं. खाली आमच्या अंगावर ते दुपारी थोडा वेळ आलं आणि लगेच गेलं. दगडात गारगोट्यांचे खळगे होते. त्यात ते ऊन शिरलं की आत कोणी दिवा लावल्यासारखं दिसायचं. मास्तर अशा एका खळग्यासमोर इतका वेळ उभे राहिले की मी जाऊन पाण्यात पाय घालून बसलो.

तिथेच आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. मायने बेसन आणि ठेचा बांधून दिला होता. मास्तरांनी भाकरी हातावर घेतली आणि खाता खाता म्हणाले, "बोल."

"मास्तर, मला वाटतं तुमचं खरं आहे. आणि बाबांचंही खरं आहे."

"ते मलाही वाटतं. म्हणूनच आलो ना एवढं चालत." मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी तुझ्या बापापेक्षा शहाणा नाही, सुखदेव. मला फक्त ती माणसं माहीत आहेत. मी त्यांच्या पंगतीत जेवलो आहे. ते काय बोलतात ते मी ऐकलं आहे. तुला दारातून परत पाठवतील आणि वर तुझ्याशी गोड बोलतील. तुझी चार वर्षं त्यात जाऊ नयेत, एवढंच मला वाटतं."

मला त्यांचं म्हणणं पटत चाललं होतं. उठताना मी जवळजवळ ठरवलंच होतं.

पुढे एक डोह होता आणि त्याच्या कडेने शेवाळलेला तिरपा खडक. मास्तर पुढे होते. त्यांची नजर वर कुठल्याशा पक्ष्याकडे गेली, काठी सटकली आणि ते खडकावरून घसरत खाली दगडांत पडले. मी धावलो. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि चेहरा पांढरा पडला. उजवा पाय घोट्यातून वाकडा दिसत होता. बघता बघता तो सुजून गडद झाला.

"मोडला बहुतेक," मास्तर म्हणाले.

मी त्यांना पाठीवर घेऊन थोडं चाललो. पण पुढे दगड कमरेएवढे होते. त्यांना घेऊन ते चढणं एकट्याच्याने होणार नव्हतं. सावली भिंतीवर चढत चालली होती. त्या घळीत अस्वलं होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही ते बोललो नाही. इतक्यात वरून, उजव्या कड्यावरून, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ऐकू आल्या. म्हणजे तिथे गुरं राखणारा गायकी होता.

मी एका उंच दगडावर चढलो आणि ओरडलो, "ओ भाऊ! कोनी हाय का? माणूस पडला!"

घंटा थांबल्या. कोणीतरी गुरं उभी करून ऐकत होतं. पण उत्तर आलं नाही. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा तसंच. मग घंटा हलू लागल्या आणि थोड्या दूर गेल्या. म्हातारीचं बोलणं मला तेव्हा आठवलं.

मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कारण कड्यावर जे गाव होतं ते मला माहीत होतं. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी तिथे मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून गावाने त्यांचं काम बंद केलं होतं, दुकान बंद केलं होतं. माझ्या बापाचा चुलतभाऊ बायकापोरं घेऊन ते गाव सोडून आमच्याकडे येऊन राहिला होता. त्या गावच्या माणसाला मी माझं नाव ओरडून सांगायचं होतं. आणि तो आला नाही तर मास्तर तिथे दगडांत रात्र काढणार होते.

"सुखदेव," खालून मास्तरांनी हाक मारली. त्यांनी सगळं ओळखलं होतं. "माझं नाव सांग. पूर्ण सांग. आडनावासकट."

मी वळून पाहिलं. मास्तर दगडाला टेकून बसले होते. पाच वर्षांत ज्या माणसाने आपलं आडनाव आमच्यासमोर एकदाही उच्चारलं नव्हतं, त्याने ते स्वतः उच्चारलं. पहिल्यांदा मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. "हे सांग. येईल तो," ते म्हणाले.

तो आलाच असता. त्या आडनावाला त्या गावातून माणूस धावत आला असता, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्या क्षणी मला रागही आला नाही आणि अभिमानही वाटला नाही. फक्त एवढं स्पष्ट दिसलं, की आज मी हे नाव घेऊन हाक मारली तर यापुढे प्रत्येक अडचणीत मला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारावी लागेल.

मी वर पाहिलं आणि छातीत मावेल तेवढी हवा घेऊन ओरडलो, "मी सुखदेव! कवडू मुनेश्वरचा पोरगा! बोरवाडीचा!"

नाव समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं. घंटा पुन्हा थांबल्या. मी थांबलो. पाण्याचा आवाज येत होता. वरून ओ आली नाही. मास्तरांनी मला थांबवलं नाही, पुन्हा आपलं नावही सांगितलं नाही. ते डोळे मिटून बसले होते. मी दुसऱ्यांदा ओरडलो. तसंच्या तसं.

आणि मग वरून आवाज आला. "ओ!"

कड्यावर एक म्हातारा वाकला. "कोन्या कवडूचा? जिनात होता तो?"

"हो! पुसदच्या जिनात होता!"

"थांब, येतो. हालू नका तिथून."

गुरांच्या वाटेने तो उतरून आला. मारोती गायकी म्हणून होता. अंगात बंडी, खांद्यावर घोंगडं, कमरेला पाण्याचा तुंबा. येता येताच बोलत होता, "लेका, पयले काहून नाव नाही सांगतलं? मले वाटलं भूत हाय. मी तं ढोरं घिऊन पळूनच चाललो होतो."

"तुम्ही बाबांना ओळखता?"

"कवडू तं पन्नास असतीन. मुनेश्वर कवडू एकच. एका हंगामात संगं कापसाचे गठ्ठे उचलले आम्ही." "हे आमचे मास्तर," मी म्हणालो. त्याने मास्तरांच्या पायाला हात लावला, हुं केलं आणि घोंगड्याची चिंधी फाडून दोन काटक्यांनी पाय आवळून बांधला. मास्तरांनी दात आवळले.

मग त्याने तुंबा सोडला. मला म्हणाला, "वंजळ कर." मी ओंजळ धरली आणि त्याने वरून पाणी ओतलं. मग तुंबा मास्तरांच्या हातात दिला. "घ्या मास्तर." त्याच्या मनात काही नव्हतं. तो बापाच्या नावावर जीव धोक्यात घालून खाली उतरला होता. हाताला सवय होती, एवढंच.

मास्तरांनी तुंबा घेतला नाही. ओंजळ पुढे केली.

"तोंडानं प्या ना, तुमाले काय होते?" मारोती म्हणाला.

"याला दिलंस तसंच दे."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मास्तरांच्या ओंजळीकडे पाहिलं. मग त्याने पाणी ओतलं. आळीपाळीने मास्तरांना पाठीवर घेत आम्ही गुरांच्या वाटेने कड्यावर चढलो. वर पोचल्यावर त्याने स्वतः थोडं पाणी पिऊन तुंबा आम्हा दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला. "घ्या. ज्याले जसं प्याचं तसं प्या," असं पुटपुटत तो गाडी आणायला गेला. तेव्हा मी तुंब्याला तोंड लावून पाणी प्यालो. माझ्यानंतर मास्तर प्याले.

त्या चढणीवर मास्तर माझ्या पाठीवर असताना त्यांनी जे म्हटलं ते मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ होतं, आणि पाय दुखत असल्याने ते तुटक बोलत होते. "मला वाटायचं मी माझं आडनाव टाकून दिलं. टाकलं नव्हतं रे. जपून ठेवलं होतं. लागलं की काढता यावं म्हणून. आज काढलंच ना." थोड्या वेळाने म्हणाले, "फॉर्मवर नाव तू लिही. मी फक्त शाई देतो."

सुटीनंतर मी माझं पूर्ण नाव लिहिलं. मास्तर पाय लांब करून खुर्चीवर बसले होते. त्यांनी ते वाचलं, फुंकर घालून शाई वाळवली आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

वर्गातली हजेरीही त्यांनी बदलली. एका सकाळी विचारलं, "कोणाला कसं बोलावलेलं आवडेल ते ज्याचं त्याने सांगा. मी तसंच लिहितो." कोणी आडनावासकट सांगितलं, कोणी नुसतं नाव. परसराम म्हणाला, "मले ठाणेदार म्हना." मास्तरांनी खरंच लिहिलं. वर्षभर ते त्याला 'ठाणेदार' म्हणत आणि तो ताठ उभा राहून 'हजर' म्हणे. हाकदऱ्यात मात्र ते पुन्हा गेले नाहीत. तो पाय नीट बसलाच नाही. काही वर्षांनी ते नोकरी सोडून यवतमाळला भावांकडे गेले.

मास्तरांनी त्या दिवशी भाकरी खाताना सांगितलेलं खोटं ठरलं असं मात्र नाही. अमरावतीत मी खोलीसाठी फिरलो तेव्हा आडनाव विचारून झाल्यावर किती तरी घरांत खोली अचानक दिलेली निघाली. सगळे गोड बोलले. शेवटी रेल्वेत हमाली करणाऱ्या आमच्यातल्याच एका कुटुंबाच्या पडवीत मी चार वर्षं काढली. कित्येकदा रात्री अभ्यास करताना डोक्यात येई, बोरवाडकर लिहिलं असतं तर? त्याचं उत्तर मला पुष्कळ दिवस देता आलं नाही. ते मिळालं तेव्हा मी मास्तरांना पत्र लिहिलं. ते पत्र मी लिहिलं, फाडलं, परत लिहिलं, त्यामुळे मला ते आजही पाठ आहे.

*

ती. वामन मास्तर यांस,

सुखदेवचा जयभीम.

मी बी. ए. झालो. निकाल तुम्हाला आधीच कळवला होता, परंतु पदवीदानाचं लिहायचं राहिलं. बाबांना घेऊन गेलो होतो. ते अमरावतीला प्रथमच आले. धोतर नवं होतं, मायने नीळ दिलेला सदरा होता. सभागृहात मी पुढे बसलो आणि त्यांना मागच्या बाकावर बसवलं. तिथे इतर मुलांचे वडील होते, त्यामुळे ते आखडून बसले होते. मला पुढून दिसत होतं.

एकेकाचं नाव पुकारत होते. माझं नाव आलं. त्या गृहस्थांनी ते स्पष्ट आणि मोठ्याने वाचलं, सुखदेव कवडू मुनेश्वर. मी उठलो, आणि मास्तर, मागे बाबाही उठले. त्यांना वाटलं त्यांनाच बोलावलं. शेजारचे कोणी त्यांना म्हणाले, "बसा हो, पोराला बोलावलं." बाबा म्हणाले, "नाही. माहं नाव घेतलं त्यायनं." ते इतक्या मोठ्याने म्हणाले की मला स्टेजच्या पायरीवर ऐकू आलं. काही लोक हसले. बाबा बसले नाहीत.

मी कागद घेतला आणि वळलो तेव्हाही ते उभे होते. हात जोडलेले नव्हते, दोन्ही बाजूंना सरळ होते. सगळं सभागृह बसलेलं आणि ते एकटेच उभे.

मास्तर, फॉर्मवर मी दुसरं नाव लिहिलं असतं तर त्या दिवशी ते बसून राहिले असते.

तुमचा,
सुखदेव मुनेश्वर